मंडळीतून शालेय साहित्य: मार्चमधल्या यादीपासून दिवाळीनंतरच्या वह्यांपर्यंत

राज्यात इतरत्र जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे हा दिवस जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो, एखाद्या वर्षी थेट १ जुलैला. नेमके हेच दिवस पेरणीचे. घरात होता नव्हता तेवढा पैसा कृषी केंद्रात बियाण्याला आणि खताला गेलेला असतो. मजुरी करणाऱ्या घरात तर उन्हाळाभर धड कामच नसतं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला दिसतो, कापसाचा त्याहून उशिरा. म्हणजे गरज जूनमध्ये आणि पैसा ऑक्टोबरनंतर. दोन-तीन लेकरं शाळेत असलेल्या आईची ओढाताण या मधल्या चार महिन्यांत होते, आणि लहानशी ख्रिस्ती मंडळीसुद्धा ही फट बुजवू शकते. त्यासाठी श्रीमंत मंडळी लागत नाही, आधीपासून आखलेलं काम लागतं.

हा लेख विदर्भातल्या गावाखेड्यांतल्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या मंडळ्यांसाठी आहे. पाळकसाहेब, पंच, महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूलच्या बाई, जो कोणी हे काम अंगावर घेईल त्याच्यासाठी. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: काय लागतं ते आधी शाळेला आणि आईला विचारा, आणि वस्तू शाळेच्या हातूनच मुलापर्यंत जाऊ द्या. बाकीचं सगळं यातूनच सुचत जातं.

आधी विचारा, मग ठरवा

बऱ्याच ठिकाणी काम उलटं सुरू होतं. एका रविवारी घोषणा होते, लोक जे सुचेल ते आणतात, आणि शेवटी ढीगभर पेन्सिली, पाच-सहा रंगीबेरंगी दप्तरं आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वह्या जमतात. म्हणून पहिलं काम शाळेत जायचं.

हे मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला करा. परीक्षा संपून १ मेच्या आसपास निकाल लागला की गुरुजी आपापल्या गावी जातात आणि शाळेला कुलूप लागतं. जूनमध्ये विचारायला गेलात तर शाळा उघडलेली असेल आणि खरेदीला वेळ उरलेला नसेल.

मुख्याध्यापकांना भेटायला दोघांनी जावं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. एक साधं पत्र सोबत न्यावं: आमची मंडळी अमुक गावची, शाळा उघडण्याआधी साहित्य द्यायची इच्छा आहे, कुठल्याही मुलाच्या धर्माचा किंवा जातीचा प्रश्न नाही, कुठल्याही कार्यक्रमाची अट नाही. हे कागदावर असलेलं बरं. शिक्षकांनाही वर उत्तर द्यावं लागतं, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते पत्र ठेवता येतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पालकच बहुसंख्येनं असतात. समितीनं होकार दिला की गावात कुजबूज उरत नाही.

गुरुजींना काय विचारायचं? वर्गनिहाय पट. कोणत्या वर्गात कोणत्या रेघेची वही लागते. मागच्या वर्षी काय कमी पडलं. सरकारकडून काय येतं आणि ते केव्हा पोचतं. कोणती मुलं वही नाही म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसतात, हे मात्र नावं न विचारता फक्त आकड्यात विचारा.

मग आयांना विचारा. त्यासाठी घरोघर सर्वेक्षण करायची गरज नाही. बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीत, हापशीवर सहज बोलणं निघतं. आमच्याकडे एक बाई म्हणाल्या होत्या, "पुस्तकं तं शाळेतून भेटते जी, पन वह्या कोन देते? अन् दप्तर तं पोराचं दोन महिन्यात फाटते." या एका वाक्यात अर्धी यादी आली.

सरकार काय देतं ते नीट समजून घ्या

हे ज्याला ठाऊक नाही तो मंडळीचा पैसा चुकीच्या जागी घालतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. तेव्हा या वर्गांसाठी पुस्तकं विकत घेऊ नका. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळांत आठवीपर्यंत गणवेशही मोफत आहे. पूर्वी तो सगळ्या मुलींना आणि ठरावीक गटांतल्या मुलांनाच मिळे. २०२३-२४ पासून उरलेल्या मुलांनाही मिळू लागला आणि सोबत बूट-मोजेही. गणवेश पोचायला उशीर झाला तरी मंडळीनं तो शिवून देण्याच्या भानगडीत पडू नये. मापं, रंग, कापड यांत सगळा निधी संपतो आणि महिन्याभरानं सरकारी गणवेश येतो तो येतोच.

वह्यांचं मात्र तसं नाही. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायला सुरुवात झाली होती. हेतू हाच की मुलांना वेगळी वही कमी लागावी. दोन वर्षांनी तो निर्णय मागे घेतला गेला आणि २०२५-२६ पासून पुस्तकं पुन्हा पूर्वीसारखी झाली. वहीचा खर्च परत आईबापाच्या खिशावर आला. म्हणून मंडळीच्या निधीतला मोठा वाटा वह्यांचाच असावा, असं मी ठामपणे म्हणेन.

नववी-दहावीकडे आपलं लक्ष कमी जातं आणि तिथंच ओझं सगळ्यात जास्त असतं. आठवी संपली की मोफत पुस्तकं थांबतात. गावची शाळा चौथीला, सातवीला किंवा फार तर आठवीला संपलेली असते आणि हायस्कूल दुसऱ्या गावी असतं. पुस्तकांचा संच, फुलस्केप वह्या, प्रयोगवही, आलेख कागद, दहावीच्या परीक्षेची फी, सगळं एकदम अंगावर येतं. पोरगी याच वळणावर घरी बसते. पैसे थोडेच असतील आणि निवड करायचीच वेळ आली, तर पहिली-दुसरीच्या पन्नास मुलांना रंगपेट्या देण्यापेक्षा नववीत जाणाऱ्या दहा मुलींना पुस्तकांचे पूर्ण संच द्या. हे माझं मत आहे, आणि पंचांच्या बैठकीत मी ते दर वर्षी मांडते.

आश्रमशाळेतल्या निवासी मुलांचं गणित वेगळं आहे. तिथं आदिवासी विकास विभागाकडून साहित्याचे पैसे थेट मुलांच्या खात्यात जमा करण्याची पद्धत आहे. धारणी, चिखलदरा, एटापल्ली, भामरागड भागातल्या आश्रमशाळेला मदत करायची असेल तर अधीक्षकांना आधी विचारा की नेमकं काय मिळालेलं नाही. अनेकदा उत्तर वह्या हे नसतं. चादर, स्वेटर, अंगाचा साबण असं काही असतं.

यादी आणि हिशोब

यादी वर्गाप्रमाणे करा. सगळ्यांना सारखाच संच द्यायला सोपा वाटतो, पण पहिलीच्या मुलाला दोनशे पानी एकरेघी वही काही कामाची नाही.

पहिली-दुसरीसाठी पाटी आणि पाटीवरची पेन्सिल अजूनही उत्तम. सोबत एक दुरेघी, एक चौकटीची आणि एक इंग्रजीची चाररेघी वही, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि रंगखडू. मेळघाटात पहिलीला येणारं लेकरू घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया. त्याच्या हाती चित्रकलेची वही आणि रंग असले की शाळेची भाषा येण्याआधीही त्याला वर्गात करण्यासारखं काही मिळतं. तिसरी ते पाचवीला शंभर पानी सहा-सात वह्या. सहावी ते आठवीला हिंदी, विज्ञान, इतिहास, भूगोल धरून दहाएक वह्या, दोन पेन, कंपासपेटी, नकाशावही. नववीच्या पुढं दोनशे पानी किंवा लाँगबुक, आणि त्या त्या शाळेनं सांगितलेली प्रयोगवही. दुकानदार सांगेल ती नको.

आता आकडे. समजा एका शाळेत पहिली-दुसरीची १२, तिसरी ते पाचवीची १६ आणि सहावी ते आठवीची १२ अशी ४० मुलं आहेत. लहानांना तीन वह्यांप्रमाणे ३६, मधल्यांना सातप्रमाणे ११२, मोठ्यांना दहाप्रमाणे १२०. बेरीज २६८. जूनमध्ये नवी नावं दाखल होतातच, म्हणून दहा टक्के जास्त धरा, म्हणजे २७. झाल्या २९५. घाऊक दुकानात वह्या डझनावर मिळतात, तेव्हा २५ डझन, म्हणजे ३०० वह्या. हा झाला पहिल्या सत्राचा साठा. दुसऱ्या सत्रासाठी याच्या निम्म्या, १५० वह्या, लागतील असं धरून त्यांचे पैसे वेगळे काढून ठेवा, पण वह्या आत्ता देऊ नका. जूनमध्ये सगळ्या दिल्या तर त्या घरात भावंडांत वाटल्या जातात, मागची पानं फाटतात, आणि दिवाळीनंतर लेकरू पुन्हा रिकाम्या हातानं बसतं.

दप्तर हा मोठा खर्च आहे आणि मी त्यात हात आखडता घेऊ नका असं सांगेन. स्वस्त दप्तराची चेन आणि पट्टा पोळ्याआधीच जातो. मंडळीत शिवणकाम करणाऱ्या बहिणी असतील तर जाड कॅनव्हासचं कापड घाऊक आणून साधी दप्तरं शिवून घ्या, पट्ट्याला दुहेरी शिलाई मारा, आतून प्लास्टिकचं अस्तर लावा. पुस्तकं भिजली नाहीत की अर्धी लढाई जिंकली. शिवणाऱ्या बहिणीला मजुरी द्या. ती कमी घेते म्हणाली तर तेवढी तिची देणगी म्हणून पावती फाडा. राष्ट्रीय धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, त्यामुळे लहानांचं दप्तर लहानच असू द्या.

आणखी एक वस्तू यादीत हवीच आणि ती बोलायला लोक कचरतात. सहावीच्या पुढच्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड. महिला मंडळानं ते वेगळ्या कापडी पिशवीत घालून थेट शाळेतल्या मॅडमकडे द्यावेत. जिथं बाई शिक्षिका नाही तिथं आशाताईंकडे.

जुन्या वस्तू घ्याव्यात का? वापरलेली वही, तुटक्या चेनचं दप्तर, संपत आलेलं पेन घेऊ नका, आणि देणाऱ्याला तसं प्रेमानं सांगा. नववी ते बारावीची जुनी पुस्तकं मात्र जरूर घ्या, पण छपाईचं साल पाहून. अभ्यासक्रम बदलतो आहे. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि तो टप्प्याटप्प्यानं वरच्या वर्गांत जातो आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं मोफत पाहता येतात. जुनं पुस्तक समोर धरून अनुक्रमणिका ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात.

पैसा कुठून आणायचा आणि कसा ठेवायचा

विदर्भातल्या मंडळ्यांकडे यासाठी एक तयार वाट आहे. सोयाबीन निघाल्यावर, कापूस घरात येत असताना आपण हंगामाचा सण करतो. कोणी ज्वारी आणतं, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी कोहळं, कोणी कोंबडी. उपासनेनंतर लिलाव होतो आणि दहा रुपयांच्या लिंबांना शंभराची बोली लागते. या लिलावाचा ठरावीक हिस्सा पंचमंडळानं ठराव करून पुढच्या जूनच्या साहित्यासाठी बाजूला ठेवावा. हातात पैसा असतो तेव्हा द्यायचं, आणि कोणाच्याच हातात नसतो तेव्हा वापरायचं. ज्या घरांत रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वेगळं काढायची रीत आहे, तिथं एका महिन्याची मूठ या कामासाठी मागता येते.

एप्रिल-मेमध्ये पुन्हा मागायचं असेल तर नेमकं मागा. "मुलांसाठी मदत करा" असं म्हटलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. त्यापेक्षा फळ्यावर लिहा: तिसरीचा एक संच, सातवीचा एक संच, नववीच्या पुस्तकांचा एक संच, आणि प्रत्येकाची घाऊक किंमत. एखादं कुटुंब एक संच उचलतं, दोन विधवा बहिणी मिळून एक उचलतात. ज्यांना पैसा देणं जमत नाही त्यांना काम द्या. वह्यांना कव्हर घालणं, गठ्ठे बांधणं, दप्तरं तपासणं, यात म्हातारी माणसं फार आनंदानं बसतात. संडे स्कूलच्या मुलांनी एक पेन्सिल, एक खोडरबर आणावं. त्यांचा वाटा त्यांच्या हातून पडू द्या.

हिशोबाबद्दल थोडं कडक बोलते, कारण चांगली कामं इथंच मोडतात. पैसे मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातच यावेत, कोणाच्याही खासगी मोबाइल नंबरवर नाही. प्रत्येक रकमेची पावती फाडा, मग ती वीस रुपयांची का असेना. खर्च करताना दोन सह्या घ्या. बिल पक्कं घ्या. आपल्या मंडळ्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदलेल्या असतात, वर्षाचं ऑडिट होतं, तेव्हा हा खर्च वेगळ्या शीर्षाखाली दाखवा.

कोणी नोकरदार देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळेल का विचारेल. ट्रस्टकडे तशी नोंदणी असेल तरच मिळते. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती नसते. वस्तूरूपानं दिलेल्या दानाला ही सवलत नाही आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीलाही नाही. खजिनदारांना विचारल्याशिवाय कोणालाही शब्द देऊ नका. तसंच, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकानं पैसे पाठवायची तयारी दाखवली तर परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, म्हणजे एफसीआरए २०१० चा, प्रश्न येतो. नोंदणी नसेल तर त्यांचे आभार माना आणि पैसे घेऊ नका. या कामाला इथला पैसा पुरतो.

खरेदी आणि साठवण

खरेदी मेच्या मध्यापर्यंत उरका. जूनमध्ये भाव चढे असतात आणि हव्या त्या रेघेच्या वह्या मिळत नाहीत. तालुक्याच्या दोन दुकानांतून आणि नागपूरच्या इतवारीतून किंवा अमरावती-अकोल्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून भाव लेखी घ्या. फरक थोडाच असेल तर तालुक्याच्याच दुकानातून घ्या, म्हणजे खराब निघालेला गठ्ठा बदलून मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर आणि रंगखडूंवरचा जीएसटी शून्य झाला आहे आणि कंपासपेटीवर पाच टक्के आहे. बिलात तसं आहे का पाहा.

वही हातात घेऊन पाहा. पानं मोजा, शंभर पानी म्हणून चौऱ्याऐंशी पानांची वही सर्रास मिळते. शाई मागच्या पानावर उमटते का हे पेननं लिहून बघा. शिलाईची वही टिकते, नुसती पिनांची लवकर सुटते.

माल मंडळीच्या खोलीत ठेवताना जमिनीवर ठेवू नका. वाळवी विदर्भात कागदाला सोडत नाही. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. गठ्ठे बांधायचं काम सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर करा. मेच्या दुपारी पत्र्याखाली माणसं बसवू नयेत. प्रत्येक गठ्ठ्यावर शाळा, वर्ग आणि नग लिहा. मुलाचं नाव लिहू नका.

द्यायचं कसं

हा भाग सगळ्यात नाजूक आहे.

दान गुपचूप करावं, ही शिकवण आपण मत्तयाच्या सहाव्या अध्यायातून लहानपणापासून ऐकतो. पण लेकरांच्या बाबतीत त्याचा अर्थ आणखी पुढं जातो: घेणाऱ्याचंही कोणाला कळू नये. मंचावर बोलावून, हार घालून, दप्तर हातात देऊन फोटो काढला की ते लेकरू वर्गात "चर्चवाल्यांनी दप्तर दिलेलं पोरगं" होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते फार झोंबतं. काही मुलं असं दप्तर घरीच ठेवतात आणि शाळेत पिशवीच घेऊन येतात.

म्हणून लहान शाळेत निवड करूच नका. वीस-पंचवीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेत सगळ्या मुलांना सारखं द्या. थोडा खर्च वाढतो, पण कोण गरीब, कोण नाही हा प्रश्नच मिटतो. मोठ्या शाळेत ते परवडत नाही. तिथं निवड वर्गशिक्षकांवर सोडा आणि यादी मागू नका. तुम्हाला शाळेचा शिक्का असलेली पोच हवी, त्यावर नग आणि मुख्याध्यापकांची सही. मुलांची नावं मंडळीच्या कागदपत्रांत असण्याची काहीच गरज नाही.

वस्तूंवर मंडळीचं नाव छापू नका. सोबत पत्रिका, नवा करार, कॅलेंडर, प्रार्थनासभेचं निमंत्रण, काहीही घालू नका. आपल्या विश्वासाची लाज वाटते म्हणून हे सांगत नाही. मदतीच्या हाताला दुसरं काही चिकटलेलं असलं की आईला ती मोकळ्या मनानं घेता येत नाही, गावात शंका येते, आणि त्या शंकेची किंमत शेवटी लेकरू आणि शिक्षक मोजतात. कोणी आपणहून विचारलं की हे तुम्ही का करता, तर खरं ते सांगा. विदर्भात मंडळी आणि शाळा यांचं नातं काही आजचं नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले आणि त्यांनी शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून सुरू आहे. तिथं शिकलेल्या पिढ्यांत सगळ्या समाजांची मुलं होती. पंचमंडळात कोणी विचारलं की गावच्या सगळ्या मुलांना का द्यायचं, फक्त आपल्या घरांना का नाही, तर त्यांनाही हेच सांगा.

माल शाळेत कधी पोचवायचा? मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आत जायचं असेल तर जूनच्या पहिल्या दहा दिवसांत. नंतर नाल्याला पाणी आलं की छोटा हत्ती टेम्पो अलीकडेच थांबतो. शाळा बंद असते म्हणून किल्ली कोणाकडे आहे ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा: मुख्याध्यापक, सरपंच की अंगणवाडी सेविका. माल उतरवताना व्यवस्थापन समितीचा एक सदस्य हजर असावा आणि नग तिथंच मोजून पोच घ्यावी. वाटप पहिल्या दिवशी गुरुजी-मॅडमनीच करावं. मंडळीतलं कोणी त्या दिवशी गेलं नाही तरी चालेल, किंबहुना न गेलेलंच बरं.

मंडळीच्या आवारात मुलांसाठी कधी काही भरवलंच, वह्यांना कव्हर घालायचा दिवस वगैरे, तर दोन मोठी माणसं सतत हजर हवीत. कोणाही मुलाला एकट्यानं कोणाच्या घरी किंवा खोलीत पाठवायचं नाही. मुलांच्या अंगाशी, फोटोशी, फोन नंबरशी संबंधित काही खटकलं तर ते झाकायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तो होण्याची शंका आली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. स्वयंसेवकांना हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

वहीसोबत एक अर्ज

कधी कधी कागदाचा एक अर्ज दप्तरापेक्षा जास्त देऊन जातो. वडील गेलेल्या किंवा एकट्या आईच्या घरातल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. आपल्या भागात शेतकरी बापानं जीव दिलेली घरं आहेत, आणि त्यांतल्या अनेक आयांना हे कोणी सांगितलेलं नसतं. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना कल्याणकारी मंडळाकडून पहिली ते सातवीला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये मिळतात. ७५ टक्के हजेरी लागते. पाचवीपासून पुढं ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे. दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुलीला पुस्तकांइतकाच हा पास गरजेचा.

मंडळीत एखादा निवृत्त शिक्षक किंवा कचेरीतली कामं येणारा तरुण असेल तर त्याला हेच काम द्या. बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, आधार, फोटो हे जमवून आईला घेऊन तालुक्याला जाणं, एवढंच. त्याच्या प्रवासाचे पैसे निधीतून द्या.

दिवाळीनंतर

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, शाळेत एक चक्कर मारा आणि गुरुजींना विचारा की काय उरलं, काय संपलं, कोणतं दप्तर उसवलं. मुलांना उभं करून विचारू नका. यावरून दुसऱ्या सत्राच्या वह्यांचा आकडा नक्की होतो आणि त्या दिवाळीची सुट्टी संपताना पोचवायच्या.

याच सुमाराला कापूस वेचणी सुरू होते आणि हजेरी घसरते. मेळघाटातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. लेकरं सोबत जातात. अशा मुलांच्या वह्या शाळेत कपाटात ठेवून उपयोग नाही. गुरुजींकडून त्यांचं शिक्षण हमी कार्ड भरून घ्या, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना त्याच वर्गात बसता येतं, आणि कार्डासोबत दोन वह्या, पेन्सिली आणि एक गोष्टीचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघायच्या आधी आईच्या हाती द्या. कुटुंब कोणत्या आठवड्यात निघणार हे गावातल्या मुकादमाला आणि किराणा दुकानदाराला नक्की ठाऊक असतं.

हंगामाच्या सणाआधी हिशोब फळ्यावर लावा: किती जमले, काय घेतलं, कोणत्या शाळेला किती नग, किती शिल्लक. उरलेल्या वह्या दहावीच्या मुलांना सरावासाठी द्या, कारण पावसाळ्यात ठेवलेला कागद पुढच्या जूनपर्यंत पिवळा पडतो. शाळांची पत्रं, पोच, भावाची कागदं आणि वर्गनिहाय यादी एकाच फायलीत लावून ती पुढच्या वर्षी काम करणाऱ्या दोघांकडे जानेवारीतच सोपवा, म्हणजे मार्चमध्ये मुख्याध्यापकांना भेटायला जाताना त्यांच्या हातात मागच्या वर्षीचे आकडे असतील.